एकाच घाण्यातल्या गोळ्या

सकाळी सात वाजता लेटी स्वानेपूलच्या बोटांतून काडतुसाची पुंगळी निसटली आणि आत भरलेली बंदुकीची दारू स्वयंपाकघराच्या लादीवर सांडली. अर्ध्या तासातली ही तिसरी.

टेबलापलीकडे तिच्या नेमबाजी क्लबातला जुना सोबती वेसल पिनार बसला होता. त्याने जाड बिस्किट कॉफीत बुडवलं, खाल्लं, आणि मग म्हणाला,

"बार बंदुकीत भरायचाय की लादीत?"

"तू कॉफी पी."

लेटीने झाडू घेतला. झाडूचा दांडा मुठीत नीट बसायचा. चिमटीत धरायची वस्तू असली की मात्र बोटं दगा द्यायची. सांधे सुजून दोन वर्षं झाली होती. बंदुकीला चिमूट लागत नाही. पालथं पडायचं, पट्टा दंडाला आवळायचा आणि एक बोट हळूच ओढायचं. ते एक बोट अजून शाबूत होतं. पुढच्या वर्षी असेल का, हे तिने डॉक्टरला विचारलं नव्हतं.

तिच्या बंदुकीच्या जुन्या नळीचा घसा, गोळी जिथून नळीत शिरते तो भाग, जळून गेला होता. वर्षभर वाट पाहिल्यावर गेल्या आठवड्यात नवी नळी बसवून मिळाली. पण नव्या नळीला कोणती गोळी मानवेल आणि मागे दारू किती लागेल, हे बसवणाऱ्याला सांगता येत नाही. त्यासाठी काडतुसं घरी भरायची, उडवायची, भोकं पाहायची आणि पुन्हा भरायची. ब्लूमफाँटेनची वार्षिक नेमबाजी स्पर्धा महिन्यावर आली होती.

"दे इकडे," वेसल म्हणाला. "मी भरतो."

"दुसऱ्याच्या हातचं काडतूस उडवायचं नाही. क्लबात पाटी आहे."

"तूच रंगवलीस ना ती? अक्षर वाकडं आहे."

"मग?"

"मग पाटी क्लबात आहे. आपण तुझ्या स्वयंपाकघरात आहोत."

लेटी झाडत राहिली. ट्रॉम्प्सबर्ग या त्यांच्या गावच्या निम्म्या पोरांना तिने नेमबाजी शिकवली होती. ती सगळी तिला टानी म्हणायची, मावशी. पहिल्या दिवशी ती त्यांना हेच बजावायची. भरणाऱ्याची एक चूक पुरते, आणि बार उडतो तो आपल्या गालापासून चार बोटांवर. तीस वर्षांत तिने कुणाच्या हातचं एक काडतूसही घेतलं नव्हतं, नवऱ्याच्या हातचंसुद्धा.

तिने वेसलच्या हातांकडे पाहिलं. मेंढ्या कातरून राकट झालेले, पण कप उचलताना जराही न हलणारे. झाडू भिंतीला टेकवून तिने वजनकाटा त्याच्याकडे सरकवला.

शनिवारी मेंढवाड्यामागच्या टेकडीकडे तोंड करून ती पालथी पडली. वेसलने तीन तऱ्हेच्या गोळ्यांची काडतुसं भरून आणली होती. पहिली गाल टेकवून उडवताना तिने श्वास जरा जास्तच वेळ धरला. काही झालं नाही. पुढे ती ते विसरून गेली.

पहिल्या तऱ्हेची भोकं कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी पसरली. दुसरी कारखान्याची नवी गोळी, चकचकीत. जवळच्या पल्ल्यावर ती बरी गेली, लांबवर वाऱ्याने भरकटली.

"माझी बंदूकही हिला अशीच फेकते," दुर्बिणीला डोळा लावून वेसल म्हणाला.

तिसरी तऱ्हा जुनी होती. कारखान्याने साचा बदलण्याआधीच्या शेवटच्या घाण्यातली. तो घाणा दोघांनी तेव्हा अर्धा अर्धा वाटून घेतला होता. लेटीचा वाटा कधीच संपला होता. वेसलच्या डब्यात पडून पडून या गोळ्या चहासारख्या काळपट झाल्या होत्या. त्यांची पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ पडली.

"झालं," वेसल म्हणाला. "लग्न जमलं."

"किती उरल्यात तुझ्याकडे?"

"गोदाम भरलंय. तू नेम धर."

पुढचे तीन शनिवार तो दारू किंचित कमी-जास्त करत राहिला आणि गोळी पुंगळीत केसाएवढी आत-बाहेर बसवत राहिला. शेवटी भोकं एकमेकांना चिकटली. त्या दिवशी लेटीने कोकराची तंगडी कागदात बांधून त्याच्या गाडीत ठेवली.

"माझ्याकडे हजार मेंढ्या आहेत, बाई."

"त्या तू शिजवतोस चपलेसारख्या. ही भाजलेली आहे."

ब्लूमफाँटेनला विजेत्याला खुर्चीत बसवून प्रतिस्पर्धीच खांद्यावर उचलून नेतात. वेसलने बऱ्याच जणांची खुर्ची उचलली होती, नेहमी डाव्या खांद्यावर, कारण उजवा बंदुकीचा. "खांदा झिजला माझा," तो दरवर्षी म्हणायचा. "मरायच्या आधी एकदा मलाही उचला रे." मग लेटी म्हणायची, "आधी पोट कमी कर." सगळे हसायचे, वेसलही. पण त्यानंतर तो रिकाम्या खुर्चीकडे एकदा वळून बघायचा, हे तिने पाहिलं होतं.

या वर्षी दोघंही शेवटच्या फेरीत पोचले. नऊशे मीटर. शेजारशेजारच्या चटया, आळीपाळीने एकेक गोळी, आणि एकाचे गुण दुसऱ्याने लिहायचे.

वेसलने काडतुसांची पेटी उघडली. लेटीने पेन्सिल घेतली आणि तिची नजर पेटीवर गेली.

सगळी चकचकीत होती.

तिने स्वतःच्या पेटीकडे पाहिलं. चहाच्या रंगाची, एकाच घाण्यातली, शेवटपर्यंत भरलेली.

परत देता येण्यासारखी ती नव्हती. तिच्या नळीच्या घशाला बेतून बसवलेली काडतुसं त्याच्या बंदुकीत शिरलीच नसती. शिवाय पाटी होतीच.

वेसलला पाच गुण, म्हणजे थेट मध्य. मग वारा उठला. चार. पुन्हा चार. लेटी आकडे लिहीत गेली, नेहमीपेक्षा सावकाश, एकेक आकडा घोटून. तिच्या स्वतःच्या गोळ्या त्याच वाऱ्यातून मध्यात जात होत्या. वेसल तिचे पाच लिहायचा आणि प्रत्येक वेळी पेन्सिल कानामागे खोचायचा.

शेवटची गोळी झाडून वेसल बाजूला झाला. तीन.

"तुझं गोदाम पाहिलं," लेटी कुजबुजली.

"मेंढ्यांनी खाल्लं."

"वेसल."

"वारा बघ. बोलू नकोस."

आता तिची शेवटची. प्रिटोरियाचा एक जण सर्व गोळ्या संपवून पुढे होता. ही मध्यात गेली तर खुर्ची तिची, नाहीतर त्याची. काडतूस चिमटीतून दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा तिने ते तळव्यावर घेऊन आत ढकललं, बोल्ट बंद केला आणि लाकडाला गाल टेकवला. वारा दाखवणारं निशाण अर्धवट खाली आलं, ती थांबली, मग बोट ओढलं.

दूर, मातीच्या बांधामागे, लक्ष्याची फळी भोक तपासायला खाली गेली.

लेटीने मान वळवली. वेसल तिच्याकडे पाहत नव्हता. पेन्सिल कानामागे होती, डोळे बांधावर होते, आणि उजव्या हाताने तो डावा खांदा चोळत होता.

फळी अजून वर आली नव्हती.