मास्तरांची भूक

मोटार चालवायला शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, म्हणून त्याची बायको आपोआप मास्तरीण झाली. ती स्वतः कुणाला काही शिकवत नव्हती. ती कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा वाफेतच, फरक इतकाच की इथली वाफ पातेल्यातली. घरात ही दोघं, भराभर उंच होत चाललेली लेक आणि मास्तरांची आई.

भाव वाढायला लागले तेव्हा मास्तरणीने कुरकुर केली नाही. कंबर कसली. डाळीचा पुडा दिसायला तेवढाच राहिला, पण हातात घेतला की हलका लागायचा. एकदा तर ती तेलाच्या पिशव्यांपुढे उभी असतानाच दुकानातला माणूस आला, तिच्या डोळ्यांदेखत जुन्या किमतीवर नवी चिकटवली आणि ‘जरा सरकता का’ म्हणाला. ती सरकली. पिशवी तिथेच ठेवून ती लहान बाटली घेऊन आली आणि त्या दिवसापासून तेल ओतायचं नाही, चमच्याने घालायचं असं तिने ठरवलं.

कोबीचा मधला टणक दांडा पूर्वी कचऱ्यात जायचा, तो ती आता बारीक चिरून शिजवायला लागली. बटाट्याची सालं धुऊन, मीठ लावून तव्यावर कुरकुरीत करायची. अंड्यात पीठ आणि पाणी घालून ते इतकं फेटायची की एकाच्या जागी दोन वाटावीत. शिळा पाव डाळीत पडायचा. डाळ अर्धी शिजली की गॅस बंद, आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचं, उरलेली आपली आपण शिजते. चव बरी असायची. हाताला चव होतीच तिच्या. पण चवीने पोट भरत नाही, आणि ताटं वाढताना तिला ते रोज दिसायचं.

सगळ्यात आधी ताट बाजूला सारायचे ते मास्तर. “मला नको जास्त. पोरीला वाढ,” म्हणायचे. अर्ध्या भाकरीवर उठायचे, पाणी प्यायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचे.

मास्तरणीला वाटायचं, हा माणूस दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो आणि घरी येऊन आपला घास पोरीला देतो. मग तिच्याच्याने तरी जास्त कसं खाववणार? ती पातेलं खरवडून जे निघेल त्यावर भागवायची. सासूबाईंना काही सांगावं लागत नव्हतं. त्या लेकाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “मलाही आज पोट जडच वाटतंय.” म्हाताऱ्या बाईचं पोट रोज कसं जड होतं, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलत नव्हतं.

गल्लीतल्या बायकांशी बोलताना ती नवऱ्याचं कौतुक करायची. “आमच्या ह्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही,” असंही एकदा म्हणून गेली. पुढे हे वाक्य आठवलं की तिची कानशिलं तापायची.

एका दुपारी लॉन्ड्रीत इस्त्री फिरवता फिरवता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसली. शेजारी कपड्यांच्या घड्या करणाऱ्या बाईने साखरपाणी दिलं आणि विचारलं, “सकाळी काय खाल्लं होतंस?” मास्तरीण म्हणाली, “चहा.” ती बाई स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव तिच्या हातात ठेवून पुन्हा घड्या घालायला लागली.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. घराची किल्ली मास्तरांकडे राहिली होती, ती द्यायला ते लॉन्ड्रीत आले. किल्ली टेबलावर ठेवून वळले, तोच समोरून खानावळवाला टेबलक्लॉथांचं गाठोडं घेऊन आत शिरला. पलीकडच्या चौकातल्या खानावळीचे टेबलक्लॉथ याच लॉन्ड्रीत यायचे.

“अरे वा, मास्तर,” खानावळवाला मोकळेपणाने म्हणाला. “संध्याकाळी मासा ताजा येतोय. तुमची कोपऱ्यातली जागा धरून ठेवतो.”

मास्तर ‘हं’ म्हणाले की खोकले ते कळलं नाही. दुसऱ्या क्षणी ते रस्त्यावर होते.

मास्तरणीने इस्त्री उभी करून ठेवली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून विचारलं, “रोज येतात का हो?”

“मास्तर? रोजचं गिऱ्हाईक आपलं. शेवटची शिकवणी संपली की थेट आमच्याकडे. खाणारा माणूस आहे, ताई. असं गिऱ्हाईक पाहिलं की वाढणाऱ्यालाही बरं वाटतं.” गाठोडं सोडता सोडता त्याने विचारलं, “तुम्ही पण त्यांच्याकडे गाडी शिकता वाटतं?”

“हो,” ती म्हणाली. “आत्ताच शिकायला लागलेय.”

तो गेला. गाठोड्यातून रश्श्याचे, मासे तळलेल्या तेलाचे डाग पडलेले टेबलक्लॉथ बाहेर आले. गेले कित्येक महिने हेच कापड धुऊन तिच्यासमोर यायचं आणि ती त्याच्या चुण्या मोडायची. त्यातल्या कुठल्या कापडावर तिच्या नवऱ्याने रस्सा सांडला असेल? आणि तिने ते पोटात काही नसताना घडी घालून ठेवलं असेल. तिला रडू आलं नाही.  तिने उरलेलं काम पूर्ण केलं, कारण मालकाचा काही दोष नव्हता, आणि घरी निघाली.

घरी सासूबाई कोबी चिरत बसल्या होत्या. लेक अभ्यास करत होती आणि मधेच उठून डबे उघडून बघत होती, रिकामे आहेत हे माहीत असूनही. मास्तरणीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना तिने मनाची तयारी केली होती, की म्हातारी लेकाची बाजू घेणार. दिवसभर राबतो, खाल्लं चार घास तर काय बिघडलं, असं काहीतरी म्हणणार. त्यावर काय बोलायचं तेही तिने वाटेत ठरवलं होतं.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. “रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

“आणि इथे येऊन पोरीला वाढ म्हणतो?”

मास्तरणीने मान हलवली.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर खोचला. “चपला घाल,” ती नातीला म्हणाली. “बाहेर जेवायला जायचंय.”

खानावळ भरलेली होती. मास्तर कोपऱ्यात एकटेच बसले होते, आणि मास्तरणीला ते सगळ्यात जास्त लागलं. मित्रांनी आग्रह केला, कुणी ओढून नेलं, असं काही असतं तर निदान बोलायला जागा होती. हा माणूस निवांत बसून, काटे नीट बाजूला काढत, तळलेला मासा खात होता. शेजारी भाताचा ढीग. पलीकडे वाटीत रस्सा. तोंडावर असं समाधान, जे तिने घरी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं आणि घास तोंडातच राहिला.

तिघी बसल्या. सासूबाई वाढणाऱ्याला म्हणाल्या, “हे जे यांच्यापुढे आहे ते तीन ठिकाणी आण.”

“आई, अगं, ऐक तर,” मास्तर म्हणाले.

“जेवताना बोलू नये,” म्हातारी म्हणाली. “गिळ आधी.”

ताटं आली. लेक एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली आणि खायला लागली. ती इतक्या घाईने खात होती की मास्तरणीला बघवेना. काटा लागेल, सावकाश खा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि त्याऐवजी नवऱ्याकडे वळली.

“कधीपासून?”

“रोज नसतो येत.”

“खानावळवाला म्हणाला रोज. पैसे कुठून आणलेस?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आज ते न ठरवता तोंडातून गेलं, आणि गेल्यावर तिला परत घ्यावंसं वाटलं नाही.

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल. सुट्टीच्या दिवशीच्या जादा शिकवण्यांचे मिळतात थोडे.”

“ते घरी नाही आले.”

“सगळंच घरी देतो ना मी? एवढंच एक ठेवलं.” मग त्यांनाही चेव आला. “दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून बसतो मी. कोण कधी खांबावर नेऊन घालेल सांगता येत नाही. आणि घरी ताटात काय, तर कोबीचे दांडे. सालं. ते बघितलं की जीव नको होतो. माणसाने कधी तरी पोटभर खाऊ नये?”

 शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं होतं.

“खावं ना,” ती म्हणाली. “मलाही खायचं होतं. गेल्या आठवड्यात इस्त्री करताना मी खाली बसले, चक्कर येऊन. तुला बोलले नाही, म्हटलं आधीच हा अर्धपोटी, त्यात घोर कशाला. दांडे मी शिजवले ते मला हौस आहे म्हणून नाही. त्यातलेसुद्धा मी तुझ्याकडे बघून कमी घ्यायचे. तू चोरून खाल्लंस त्याचं मला इतकं नाही. तू आमच्यासमोर उपाशी असल्याचं सोंग केलंस आणि आम्हाला खरंच उपाशी ठेवलंस.”

“मी कुठे म्हणालो तुम्ही कमी खा?”

“तू म्हणाला नाहीस,” सासूबाई मधेच बोलल्या. त्यांचं ताट साफ झालं होतं. “मी तुझी आई. माझं पोट रोज जड कसं व्हायचं, तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?”

मास्तरांनी मान खाली घातली. ताटातला मासा गार झाला. लेकीने हळूच विचारलं, “बाबा, तुम्ही खाणार नसाल तर मी घेऊ?” आणि त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. या वेळी खरोखरच.

पैसे त्यांनीच दिले.  घरी आल्यावर मास्तरीण एवढंच म्हणाली, “उद्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक तुझा. बाजारही तूच करायचा. जादा शिकवण्यांचे पैसे आईंच्या हातात.”

पहिल्या संध्याकाळी मास्तर बाजारातून आले ते धुमसतच. पिशवी ओट्यावर आपटली. कांद्यांचा काय भाव झालाय, डाळवाल्याने कसं लुबाडलं, सरकार झोपलंय का, असं पुष्कळ बोलले. मास्तरीण कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. तिने ऐकून घेतलं. हेच सगळं ती गेलं वर्षभर एकटीने गिळत होती, आणि याला ते आज कळलं होतं.

भात खाली लागला. डाळ पाणचट झाली. जेवताना मास्तर नरमाईने म्हणाले, “तू कसं भागवायचीस गं एवढ्यात? कमाल आहे तुझी.”

“कमाल नको म्हणूस,” ती ताडकन म्हणाली. “मला त्याची शिसारी आलीय.”

ते पुन्हा तसं बोलले नाहीत. हळूहळू त्यांना भात जमायला लागला. घरात अंडी थोडी जास्त यायला लागली, सासूबाईंचं पोट जड व्हायचं थांबलं. भाव मात्र खाली आले नाहीत. गल्लीतल्या बायका विचारायच्या, मिटलं का तुमचं? मास्तरीण म्हणायची, “राहतोय एका घरात.” अरे-तुरे तिने सोडलं नाही. सासूबाईंनी एकदा सुचवून पाहिलं, मग त्यांनीही नाद सोडला.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी जरा चाचरत विचारलं, “सगळे मिळून जाऊ या का खानावळीत? नीट, सांगून सवरून.”

“मला तिथे पाऊल ठेवायचं नाही,” ती म्हणाली. “पैसे दे. मासा मी घरी आणते.”

तिने आणला, स्वतः तळला, तेल हात न आखडता घातलं. घरभर वास सुटला. चौघांची पानं तिने वाढली आणि पहिला घास स्वतः घेतला. मास्तरांचा भात संपला तेव्हा त्यांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं.

“पातेलं तिकडे आहे,” ती म्हणाली, आणि काटा काढायला लागली.