जाणारे दोन, येणारे दोन

फॉर्मबुवांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. बावीस वर्षं ते परवाना कचेरीसमोरच्या फुटपाथवर घडीचं टेबल, दोन खुर्च्या आणि टाचण्यांचा डबा घेऊन बसत होते. वाळवंटातून गाडीनं पलीकडच्या देशात जायचं म्हटलं की माणूस आधी कचेरीत शिरे, तिथे त्याला कुणी धड काही सांगत नसे, मग तो डोकं धरून बाहेर येई आणि समोर बुवा दिसत. फोटो किती, कुठला कागद मूळ लागतो आणि कुठल्याची नक्कल चालते, साहेब कुठल्या वारी सह्या करतात, सगळं बुवांना तोंडपाठ. वाळवंट तेवढं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

या वर्षी त्यांच्यावर स्वतःचाच फॉर्म भरायची वेळ आली.

वाळवंटाच्या पार त्या टोकाला, पलीकडच्या देशातल्या पाणी उपसायच्या एका ठाण्यावर, त्यांची थोरली बहीण राहत होती. ताईचे यजमान तिथे पंप चालवायचे. ते गेले, मुलंबाळं नव्हती, आणि ताई तिथेच राहिली. आई वारली तेव्हा बुवा सहा वर्षांचे होते आणि ताई पंधराची. त्यांचे ताप, त्यांचे पाढे, त्यांच्या शर्टाची तुटलेली बटणं, सगळं तिनंच निभावलं होतं. हिवाळ्यात डोळ्यांचा एक फिरता डॉक्टर ठाण्यावर आला आणि म्हणाला, मोतीबिंदू पार पिकलाय, डोळ्यातला दाब वाढतोय, उन्हाळ्याच्या आत शहरात नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर नजर गेली म्हणून समजा. ताईनं हे फोनवर असं सांगितलं, जसं काही शेजारणीचंच चाललंय. बुवांची मात्र त्या दिवशी जेवणावरची वासनाच उडाली.

उन्हाळा लागला की वाळूतली वाट पाच महिने बंद होते. म्हणजे हातात होते साडेचार महिने. बुवा मनात म्हणाले, आपण या कामात मुरलेले, आपल्याला काय अवघड आहे.

ताईच्या व्हिसालाच तीन महिने गेले. यजमानांच्या मृत्यूचा दाखला मूळ हवा म्हणाले, मूळ दिला तर तो सहा महिन्यांच्या आतला हवा म्हणाले. बुवांनी विचारलं, माणूस पुन्हा मरायला हवा का, तर खिडकीतल्या माणसानं पुढच्याला हाक मारली. मग बुवांचा स्वतःचा व्हिसा. व्हिसावाले म्हणत, आधी गाडीच्या परवान्याचा नंबर आणा. परवानेवाले म्हणत, आधी व्हिसा दाखवा. या दोन इमारतींमधला रस्ता बुवांनी आजवर दुसऱ्यांना बोटानं दाखवला होता. आता तोच रस्ता ते दिवसातून चारदा तुडवू लागले. संध्याकाळी बूट काढताना वाकवेना. बायको गरम पाण्याची बादली पुढे सरकवायची आणि ते पाय बुडवायचे.

अखेर वाट बंद व्हायला अकरा दिवस उरले असताना परवाना निघाला. खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंनी शिक्का मारून कागद बाहेर सरकवला. बुवांनी सवयीनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि ती दोन चौकटींवर अडकली.

जाणारे दोन. येणारे दोन.

जाणारे दोन म्हणजे गाडीवाला आणि बुवा. येताना ताई धरून तीन व्हायला हवे होते. पण गेली वीस वर्षं बुवांनी या दोन चौकटींत कधी वेगळे आकडे घातले नव्हते. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एकदा वेगळे घातले होते, तर त्या बिचाऱ्यांची गाडी पंधरा दिवस अडकून पडली होती. तेव्हापासून गिऱ्हाईक काहीही सांगो, बुवांचा हात इकडे जो आकडा टाकी तोच तिकडे. अर्ज भरायच्या दिवशीही अकरा जणांचे फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी शेवटी स्वतःचा भरला होता. हातानं आपलं काम चोख केलं होतं.

"बाई, येणारे तीन हवेत," बुवा म्हणाले.

बाईंनी कागद उलटा फिरवून पाहिला. "अक्षर तुमचंच आहे, बुवा."

"माझंच आहे. चुकलं."

"खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज करावा लागेल, सहा आठवडे लागतील. हे तुम्हाला मी सांगायचं का?"

हे वाक्य बुवांनी स्वतः शेकडो लोकांना ऐकवलं होतं, आणि बहुतेकांना चहाचा घोट घेता घेता. ते ऐकणाऱ्याला कसं लागत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. बाईंना वाईट वाटलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "साहेबांना एकदा भेटून बघा." बुवा दोन तास बाकावर बसले. साहेब म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसानं असं करावं म्हणजे कमाल आहे," आणि कपाटाकडे वळून फायली लावू लागले.

घरी आले तेव्हा बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बुवांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला, आणि मग ते सरळ रडले.

"आपल्याच हातानं मी तिला आंधळं केलं," ते म्हणाले.

बायकोनं त्यांना रडू दिलं. मग चादरीचं एक टोक त्यांच्या हातात देत विचारलं, "पण ते येणारे-जाणारे मोजतात कशाला?"

"वाळूत माणूस हरवतो. जितके गेले तितके परत आले की वाळवंटाच्या तोंडावरचे चौकीवाले निर्धास्त. कमी-जास्त झाले की गाडी अडवतात."

"मोजतात कसे?"

"बोट दाखवून. एक, दोन."

"नावं विचारतात?"

"नाही. नावं सीमेवर, व्हिसा बघताना. चौकीवर नुसती डोकी."

"ताईंचा व्हिसा आहे?"

"आहे ना. त्यातच तर तीन महिने गेले."

"मग गाडीवाल्याला एकट्यालाच का नाही पाठवत?"

"नुसत्या ड्रायव्हरच्या गाडीला परवाना देत नाहीत."

चादरीची घडी झाली. बायकोनं ती मांडीवर ठेवून वरून हात फिरवला. "म्हणजे दोघांनी जायचं आणि दोघांनी यायचं. कुठले दोघं, ते कुणी विचारत नाही."

"आणि मी?"

"तुमचा व्हिसा किती महिन्यांचा?"

"सहा."

"वाट उघडते कधी?"

"पाच महिन्यांनी."

"झालं तर. ताईंच्या डोळ्यांत थेंब घालायला मी आहे."

"माझ्यापासून सुटायची वाटच बघत होतीस म्हण," बुवा नाक पुसत म्हणाले.

"पाच महिने घरात टाचण्या सापडणार नाहीत, एवढं सुख पुरे आहे मला," बायको म्हणाली. पण लगेच उठून ती आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गाडीवाला जुना ओळखीचा होता. बेत ऐकून तो एवढंच म्हणाला, "बुवा, टोपी मोठी घ्या." तीन दिवस गाडी हादरत होती. लोक ज्यासाठी एवढे खेटे घालायचे ते वाळवंट बुवांना आता दिसत होतं, आणि दिसून काही वाटत नव्हतं. कंबर धरली होती, दातांत वाळू करकरत होती. चौकीवरच्या शिपायानं खिडकीतून बोट नाचवलं, एक, दोन, आणि फाटक वर केलं. ज्या बोटापायी साडेचार महिने जीव मेटाकुटीला आला होता, त्याला आपलं काम उरकायला तेवढाच वेळ लागला.

ताई दारात उभी होती. तिनं बुवांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "अंगानं सुटलायस," ती म्हणाली. मग त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं, आणि तिनं जायला साफ नकार दिला.

"तुला इथे टाकून मी जायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ताई, बावीस वर्षं मी नको नको त्या माणसांना या वाळूतून पाठवत आलोय," बुवा म्हणाले. "एक माझं माणूस जाऊ दे. मी फार दमलोय गं. नाही म्हणू नकोस."

ताई उठून आपलं गाठोडं बांधू लागली. लहानपणी ते तापात हट्ट करायचे तेव्हाही ती शेवटी अशीच ऐकायची. सकाळी तिनं त्यांच्या हाताला धरून सगळं घर दाखवलं, डोळसानं आंधळ्याला दाखवावं तसं. पाण्याचं पिंप इथे, काडेपेटी त्या कोनाड्यात, बकरी ऊन चढायच्या आत सोडायची. "आणि शर्टाचं ते बटण लावून घे. दोरा त्या डब्यात आहे," ती म्हणाली. बटण तुटलेलं तिला दिसणं शक्य नव्हतं. तिच्या हाताला लागलं असावं. गाडी दिसेनाशी झाली तरी बुवा तिथेच उभे होते. त्यांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तासाभरानं ठाण्याचा हवालदार वही घेऊन आला. बाहेरचा माणूस मुक्कामाला राहिला की नोंद करावी लागते, असं तो अवघडून म्हणाला. वहीत तीन रकाने होते, नाव, येण्याचं कारण, मुक्काम किती दिवस. बुवांनी नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात त्यांचा हात आपोआप चालला आणि त्यानं लिहिलं, पर्यटन. हा शब्द त्यांनी जन्मभर प्रत्येकाच्या फॉर्मवर लिहिला होता, कारण त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

बुवांनी तो शब्द वाचला. मग त्यांनी त्यावर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, बहीण. मुक्कामाच्या रकान्यात लिहिलं, तिला दिसायला लागेपर्यंत.

हवालदारानं वही आपल्याकडे वळवून वाचलं.

"खाडाखोड झालीय," तो म्हणाला.

"झालीय," बुवा म्हणाले, आणि बकरी सोडायला उठले.