तिरकं चालेपर्यंत

शोभा दिघे पनवेलच्या एका कॉलेजात बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. दरवर्षी त्या फळ्यावर खेकड्याचं बाळ काढायच्या. अंड्यातून निघालेलं हे बाळ खेकड्यासारखं मुळीच दिसत नाही. डोक्यावर काटा, पुढे चोच, मागे शेपटी, आणि सगळ्या अंगाला पुरून उरतील एवढे डोळे. त्याला झोइया म्हणतात. पुन्हा पुन्हा कात टाकत ते रूप बदलतं आणि मग कुठे त्याचा खेकडा होतो.

२००९च्या सप्टेंबरमध्ये रिया नावाच्या मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, तुम्ही जिवंत झोइया पाहिलाय?"

"हो, पाहिलाय ना," शोभाताई म्हणाल्या.

साफ खोटं. त्यांनी पाहिला होता तो कॉलेजच्या काचपट्टीवर चिकटवलेला, रंग उडालेला, मेलेला. घरी जाताना हे खोटं चपलेत खडा जावा तसं टोचत राहिलं. शेवटी रिक्षा थांबवून त्या मासळीबाजारात उतरल्या. तिथे भामा कोळीण बसायची. पंधरा वर्षं त्या तिच्याकडूनच मासे घेत होत्या.

"भामाताई, पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी मिळेल का? जिवंत?"

भामाने डोळे वटारले. "तशी आमी इकत नाय. परत सोडतो."

"खायला नको, बघायला हवी."

"बगायला? चिंबोरी कई बगितली नाय काय तू?"

तरी तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या बरणीत ती खाडीकाठच्या चिखलातली एक छोटी खेकडी घेऊन आलीच. पोटाखाली राखाडी अंड्यांचा गुच्छ होता, म्हणजे दिवस भरत आले होते. शोभाताईंनी बाथरूमच्या बादलीत खाडीचं पाणी भरलं, हवा सोडणारं छोटं यंत्र लावलं आणि कॉलेजातून वहीत सही करून सूक्ष्मदर्शक घरी आणला. त्यांचे यजमान कमलाकर निमूटपणे स्वयंपाकघरातल्या बेसिनवर दाढी करू लागले.

शनिवारी उजाडता उजाडता शोभाताईंनी बादलीत बॅटरी मारली आणि किंचाळल्या. कमलाकर तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले.

"मेली?"

"झाली! बाळंत झाली! बघा, बघा तरी!"

उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचावी तसे हजारो ठिपके उजेडाकडे झेपावत होते. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याला काटा होता, चोच होती, आणि काळेभोर डोळे होते. शोभाताई हसत सुटल्या. पन्नाशीच्या बाईने एका थेंबाकडे बघून एवढं हसावं, हे कमलाकरना समजेना. मग त्यांनीही डोळा लावला. पाच मिनिटं ते हललेच नाहीत. ऑफिसला त्या दिवशी उशीर झाला.

दुपारी बाजार आटोपून भामा आली. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "हा जवळा हाय."

"जवळा नाही हो, तुमच्या चिंबोरीची पोरं आहेत ही."

"नाय! चिंबोरीची पोरं चिंबोरीसारखीच असतात. मी सोता बगितलीत."

शोभाताईंना यात गंमतच वाटली. "भामाताई, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा फसले होते. हा वेगळाच प्राणी आहे म्हणून त्याला वेगळं नाव देऊन मोकळे झाले होते!"

"मंग ते शानेच होते," भामा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती पुरावा घेऊन हजर झाली. भाताच्या बांधावरून पकडलेली मुठी, म्हणजे गोड्या पाण्यातली खेकडी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भामाने ती उताणी केली आणि पोटाखालचं झाकण उचललं. आत खच्चून भरलेले मुगाएवढे खेकडे होते. आठही पाय, नांग्या, सगळं जागच्या जागी.

"बग! हाय काय चोच? हाय काय शेपटी?"

पुढचं सांगायला तिला वेळच मिळाला नाही. पोरं भराभर बाहेर पडली. काही मिसळणाच्या डब्यामागे, काही शेगडीखाली, आणि एक थेट कमलाकरांच्या चहाच्या बशीत. पुढचा तासभर तिघं प्रौढ माणसं गुडघ्यांवर रांगत, चाळणी आणि पोहे खायचे चमचे घेऊन खेकडे वेचत होती. भामा हसून हसून फरशीवरच बसली. शोभाताई मात्र हसता हसता शिकवायलाही लागल्या.

"तुम्ही बरोबर, आणि मीही बरोबर! हिचे पूर्वज समुद्रातले. तिथे पोरं पाण्यावर सोडून दिली तरी चालायचं. पण ओढ्यात सोडली तर वाहून जातील. म्हणून हिच्या घराण्याने हळूहळू, लाखो वर्षांत, ते बालपणच मोडीत काढलं. अंडी थोडी, पण मोठी. सगळी रूपं अंड्यातच उरकायची आणि आईच्या पोटाखालून चालतच बाहेर यायचं."

"आनि ती बादलीतली?"

"ती पुढे बदलतील. दाखवते तुम्हाला."

दाखवणं सोपं नव्हतं. शोभाताई मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली सूक्ष्म कोळंबीची पिल्लं त्यांना खायला घालत होत्या, तरी रोज सकाळी बादलीच्या तळाशी मेलेल्यांचा थर असायचा. सहाव्या दिवशी शंभरही उरले नाहीत. शोभाताईंचा चेहरा उतरला.

भामाने बादलीत बोट बुडवून चाटलं. "पानी खयचा? हितल्या खाडीचा?"

"हो. आई तिथलीच ना."

"आई हितली, पन बारीक जीव सगळा ओहोटीला भायेर जातो, दर्याला. पावसानं खाडी गोडी झालीय ग. मारतेस काय त्यांना?"

शोभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. खाडीत मासे टपलेले, पाणीही गोडसर, म्हणून पिल्लं समुद्रात जातात आणि मोठी होऊन भरतीबरोबर परततात, हे तर त्या स्वतःच परीक्षेत विचारायच्या! भामाचा भाऊ काशिराम उरणला बोटीवर होता. त्याने लांबवरून दोन कॅन पाणी भरून आणलं. शोभाताईंनी ते थोडं थोडं करत बादलीत मिसळलं, आणि मरणं थांबलं. म्हणजे अगदी थांबलं नाही, पण सतराव्या दिवशी अकरा जीव शिल्लक होते. त्यांतल्या एकाला नांग्या फुटल्या. शेपटी अजून होती. अर्धा कोळंबी, अर्धा खेकडा. शोभाताईंनी त्याला वेगळ्या बशीत ठेवलं; बाकीचे दहा मात्र एकेक करून गेले.

आता भामा रोजच येऊ लागली. पाटी दारात ठेवायची आणि सरळ सूक्ष्मदर्शकाकडे जायची. "आज काय म्हनतोय आपला?" कमलाकरही ऑफिसातून फोन करून हेच विचारायचे.

तेविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तो बशीच्या तळाशी निपचित बसला. पाठ उकलली. शोभाताईंनी भामाला पुढे ढकललं, "तुम्ही बघा!"

"कात टाकतोय... निगाला! शेपटी, बाय, शेपटी पोटाखाली घेतली त्यानं! गोल झाला!" भामाने डोळा आणखी घट्ट लावला. मग घर दणाणून सोडत ओरडली, "तिरका चालला! बाय, तिरका चालला ग!"

दोघींनी एकमेकींचे हात धरून बैठकीच्या खोलीत अशी फुगडी घातली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. कमलाकर टाळ्या वाजवत ताल धरत होते.

सोमवारी शोभाताईंनी वर्गात रियाला उभं केलं आणि कबूल केलं, "मी त्या दिवशी खोटं बोलले. पण आज विचार." मग पाऊण तास त्या एकदाही फळ्याकडे वळल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी दोघी स्टीलच्या वाटीत त्याला घेऊन खाडीवर गेल्या. भामाने वाटी चिखलावर अलगद तिरपी केली. तांदळाच्या कणीएवढा तो जीव दोन पावलं बाजूला सरकला आणि चिखलात असा मिसळला, की दोघी वाकून, नाकं चिखलाला टेकेपर्यंत शोधत राहिल्या.

"दिसतोय काय?"

"नाही. तुम्हाला?"

"नाय!" भामा म्हणाली, आणि दोघी तिथेच काठावर बसून पुन्हा खिदळायला लागल्या.