दिवा लागेपर्यंत

"रडायचं नाही हं. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत हूं नाही की चूं नाही," हेराकाजी म्हणाला, तेव्हा लानीमायाने त्याच्या ओठाशी पाण्याची वाटी धरली होती.

"कोण रडतंय तुमच्यासाठी! आधी पाणी घ्या."

"बेखाची पाळी आज पुरी होतेय. माझी अपुरी राहिली. त्याची होऊ दे."

लानीमाया नवऱ्याकडे बघतच राहिली. धाकट्या भावाचं हे नाव या घरात काढायचं नाही, असा हुकूम त्यानेच सोडला होता.

नेपाळमधल्या ललितपूरच्या त्या बहालात, म्हणजे देवळाभोवतीच्या घरांच्या चौकात, देवाची सेवा शाक्य कुळाच्या घराघरांतून पाळीने फिरे. एकदा येऊन गेली की पुन्हा यायला अर्धं आयुष्य जाई. पाळी असेल त्याने देवळातच राहायचं, एक वेळ जेवायचं, आणि सुतकाची बातमी कानावर पडली की देवळाची किल्ली ठेवून खाली उतरायचं. हेराकाजीच्या पाळीच्या शेवटच्या संध्याकाळी आई गेली. धाकटा बेखारत्न तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला; अंगणात धावत येऊन त्याने थोरल्या भावाला बोंब ठोकली, "दाजू, आई गेली!" हातातलं आरतीचं ताट तसंच ठेवून हेराकाजी उतरला. बेखा थोडा वेळ गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, हेच त्याच्या डोक्यात बसलं. मग भांडण, वाटणी, घराच्या मधोमध भिंत. बोलणं कायमचं बंद. बेखारत्नला पाळी मिळाली तीही म्हातारपणी, आणि त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात. पुढे कोण करणार होतं?

दुपारी हेराकाजी गेला. लानीमायाने त्याचे डोळे मिटले, अंगावर चादर ओढली, खिडकी लावली आणि ती खाली अंगणात येऊन बसली. वर थांबून चाललं नसतं. उभ्या बहालात तिच्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता. ती दिसली नसती तर लोक चौकशीला जिना चढले असते.

समोर तिचं भात वाळत पडलं होतं. कबुतरं उतरली आणि खुशाल टिपायला लागली. एरवी तिने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण आज तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल याची तिला धास्ती होती. तिने शालीचं टोक दातांत घट्ट धरलं.

"भाउजू, दाजू कसे आहेत?" तिला वहिनी मानणारी शेजारची तीर्थमाया विचारून गेली.

"झोपलेत."

मग परदेशी पाहुण्यांचा एक घोळका आला. देऊळ बघून झालं, सोन्याचं छत बघून झालं, आणि एक बाई हिच्यासमोर थबकली. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या वाकून म्हणाला, "अजिमा, या म्हणतात, इतका शांत चेहरा अख्ख्या प्रवासात पाहिला नाही. फोटो काढू का?"

"काढ बाबा."

बाईने हात जोडले. अगं बये, वर माझा माणूस पडलाय गं, असं लानीमायाच्या घशाशी आलं. तिने ते गिळलं.

दिवेलागण झाली. बेखारत्न आरतीचं ताट घेऊन देवळाच्या दारात आला आणि माणसं पुढे सरली. रोज कोपराने वाट काढत आरतीवर पहिला हात लानीमायाचा असे. आज ती जागची हलली नाही. ज्योतीवरून त्याची नजर तिच्याकडे गेली, तिथून वरच्या बंद खिडकीकडे. हातातली घंटा क्षणभर थांबली. लानीमायाच्या मनात आलं, गेलं, सगळं वाया गेलं!

घंटा पुन्हा वाजू लागली. बेखारत्नने एकही ओळ न गाळता स्तोत्र संपवलं, देवापुढे डोकं टेकलं आणि पुढच्या पाळीवाल्याच्या हातात किल्ली ठेवली. मग अनवाणीच उतरून तो तिच्यासमोर आला.

"भाउजू, आता रडा."

ती उठून उभी राहिली.

"दुपारपासून कबुतरं भात खातायत आणि तुमचा आवाज नाही. आत बसून सगळं कळत होतं मला."

"मग उतरला का नाहीत?"

"कुठे पडलं होतं कानावर? पाप असेल तर माझ्या माथी." त्याने पुन्हा वरच्या खिडकीकडे बघितलं. "दाजूंनीच गप्प बसवलं ना तुम्हाला?"

तिने होय म्हणून मान हलवली. दिवसभर दाबून धरलेलं रडू काढायला तिने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. शेवटी त्याच अंगणात उभा राहून म्हाताऱ्या बेखारत्ननेच हंबरडा फोडला, "दाजू!" दारं उघडली, माणसं धावत आली, कुणी अंत्यविधी करणाऱ्या गुठीच्या लोकांना बोलवायला पळालं.

लानीमायाने दिराचा हात धरला आणि त्याला आपल्या जिन्याकडे नेलं. वाटणीनंतर तो जिना त्याने चढला नव्हता. अंधारात त्याने पाय उचलला तसा तिने त्याला मागे ओढला.

"जपून. ती पायरी मोडलीय. बसवतो बसवतो म्हणत होते," एवढं ती बोलली, आणि मग तिला रडू फुटलं.