बारापा

सत्त्याहत्तर सालच्या पावसाळ्यात चिंचवडच्या एका कंपनीत बारा पायांचा डायनासोर जन्माला आला. बापाचं नाव बबनराव, वेल्डिंग शॉपचे चार्जहँड, म्हणजे कामगारांचे मुकादम. माणूस कामाला वाघ, पण एक खोड फार वाईट. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायचं झालं की त्यांना अक्कलदाढ उपटल्यासारखं दुखायचं.

त्या वर्षी कंपन्यांच्या गणपती देखाव्यांची स्पर्धा होती. वर्क्स मॅनेजर करंदीकरसाहेबांनी शब्द दिला होता, “बबनराव, फिरती ढाल आपल्याकडे आणा, सुपरवायझरची जागा तुमची.” सुपरवायझर म्हणजे पांढरा शर्ट, स्वतःचं टेबल आणि गावी चिखलीच्या भावकीत ताठ मान. बबनरावांचा त्या जागेवर फार जीव होता.

अशात साहेब कामानिमित्त कलकत्त्याला गेले आणि तिथून त्यांचा ट्रंककॉल आला. लाइनीत नुसती खरखर. साहेब बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “बबनराव, विषय सापडला! डायनासोर! लांब मानेचा! आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात हाडं निघालीत. नाव लक्षात ठेवा, बारापासॉरस! नावातच पाय आहेत, पायांकडे लक्ष द्या...” आणि फोन तुटला.

बारापा. बारा पा. बारा पाय! मराठी माणसाला याहून सोपं करून काय सांगायचं? बबनरावांनी जमिनीवर खडूने चित्र काढलं, सहा पाय या अंगाला, सहा त्या अंगाला.

वेल्डर भीमराज चित्राभोवती एक फेरी मारून आला. “बबनराव, बारा? ऐकण्यात काही गफलत नाही ना?”

“साहेबांनी स्वतः बघितलंय. तू साहेबापेक्षा शहाणा का?”

साहेबांनी कसलं डोंबल बघितलं होतं! एका बंगाली अधिकाऱ्याच्या घरी मासे खाता खाता नाव तेवढं कानावर पडलं होतं. पण हे बबनरावांना कोण सांगणार?

घरी शालनबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. “अवो, गोम हाय का काय ती? आन गोमंला मान कवा फुटली?”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

“न्हाई कळत. पर मी तसं म्हणते तरी.”

बबनराव न जेवता उठले. बायको चेष्टेत का होईना, दुखरी दाढच दाबते याचा त्यांना भयंकर राग आला.

ऑइलच्या रिकाम्या पिंपांचे पाय झाले, लोखंडी अँगलचा सांगाडा झाला, वर पत्रा चढला. पोटाखाली मोटर आणि गिअरबॉक्स बसवून पाय जोडीजोडीने उचलायची सोय केली. मान शेडच्या छताला टेकली. डोकं कसं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून भीमराजने म्हशीचं केलं आणि शिंगं तेवढी ठेवली नाहीत.

साहेब परत आले, देखाव्यासमोर उभे राहिले. ओठ हलले, म्हणजे पाय मोजले. बारा कसे, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण एवढा खर्च करून केलंय म्हणजे बबनरावांनी अभ्यास केला असणार, असं त्यांना वाटलं. “हं,” साहेब म्हणाले, “अगदी शास्त्रशुद्ध.” आणि बबनरावांच्या छातीवरचा दगड उतरला.

परीक्षक म्हणून पुण्याहून सुमनताई आल्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाई. मोटर सुरू झाली, बारा पाय धाडधाड उचलले गेले, म्हशीचं डोकं झुललं, पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी आधी चष्मा पुसला, मग विचारलं, “पाय बारा का?”

“नावच तसं आहे,” साहेब रुबाबात म्हणाले. “बारा पा!”

बाई हसल्या त्या हसतच सुटल्या. कशाबशा सावरून म्हणाल्या, “अहो, ते बंगाली नाव! ‘बारा’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. मोठ्या पायाचा. मांडीचं एकच हाड माझ्याहून उंच, पण पाय चारच! एवढा देह चार पायांवर कसा पेलला, तेच तर हाडं सांगतात. खांबासारखे पाय, आणि अशा प्राण्यांच्या मणक्यांत पोकळ्या असतात, म्हणजे मजबुती राहते आणि वजन घटतं.”

“आणि डोकं?” भीमराजने हळूच विचारलं.

“त्याची कवटी सापडलीच नाही. हाडं ढिगाने मिळाली, थोडे दातही मिळाले. डोक्याचा मात्र पत्ता नाही.”

मंडपात खसखस पिकली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “बबनराव! मी फोनवर काय सांगितलं आणि तुम्ही काय करून ठेवलंत? अडाणी कुठले! सुपरवायझर व्हायला निघालेत!”

‘बारापा’ ही तीन अक्षरं शॉपभर गेली. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या रांगेत कुणीतरी हाळी दिली, “बारापा, चहा घ्या!” बबनरावांना चहा कडू लागला. जागा तर गेलीच, वर हे नाव आता चितेपर्यंत पुरणार.

त्याच संध्याकाळी बक्षीस समारंभात मात्र भलतंच घडलं. सुमनताईंनी ढाल जाहीर केली, ‘सर्वोत्कृष्ट विनोदी देखावा’, आणि ती याच कंपनीला! साहेब टुणकन उठले, ढाल छातीशी धरली आणि माइक ओढला. “खरं सांगू? विनोदाची ही कल्पना माझीच. कलकत्त्याहून मीच फोन केला होता. लोक हसावेत हाच हेतू होता!”

मागच्या रांगेत बबनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. काल अडाणी आणि आज विनोद? ते उभे राहिले आणि फोनवर ओरडावं तसे ओरडले, “साहेब, मग बारा पायही तुमचेच ना? सगळ्यांसमोर सांगा!”

साहेबांनी ढालीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या कंपनीच्या मालकांकडे पाहिलं. आता माघार कुठली? “हो, हो! बाराच्या बारा माझेच!”

टाळ्यांनी मंडप दणाणला. सगळ्यांत मोठी टाळी भीमराजची होती.

सुपरवायझरची जागा बबनरावांना शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यांनी पुन्हा ती मागितलीही नाही. पण पुढे शॉपच्या दारातून “बारापा आला रे!” अशी कुजबुज आली की सगळे कामाला लागायचे, आणि बबनराव खाली मान घालून निवांत वेल्डिंग करत राहायचे. ती हाक आता त्यांच्यासाठी नव्हती.