माझ्या पोटातला कापूस

अहो मोठे डॉक्टर, तुम्ही चोरी केलीत. पैसा नाही, औषध नाही. तुम्ही एका बाईचे दिवस चोरलेत आणि हात धुऊन पुढच्या रोग्याला आत बोलावलंत. हे मी तुमच्या तोंडावर सांगते. मला स्वतःला तोंड नाही, तरी सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे, शिवणाच्या दुकानातली. मला डोकं नाही, हात नाहीत. कमरेखाली लाकडी खांब आणि त्याला तीन पाय. अंग जाड कापडाचं, आत गच्च कापूस. झगा शिवून झाला की माझ्या अंगावर चढवतात. टाचण्या मला टोचतात, कौतुक गिऱ्हाइकाचं होतं.

मला मास्तरांनी घडवलं. मास्तर कापड बेततात, त्यांची बायको शिवायची. लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी तिचं माप घेऊन थेट तिच्या बांध्याची मला केली. बाईने मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो, एवढी जाड आहे मी?"

"टेप खोटं बोलत नाही."

"टेप नसेल बोलत. धरणारा बोलतो."

त्या दिवसापासून तिने माझं नाव 'सवत' ठेवलं. सकाळी माझ्यावरची धूळ झटकायची आणि म्हणायची, "काय सवतबाई, झोप झाली? तुम्हाला काय, यांचं घोरणं माझ्या नशिबी!" पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. मी कोपऱ्यात गेले. येणारा जाणारा माझ्या मानेवर छत्री अडकवायचा. बाईने मात्र झटकणं सोडलं नाही.

तिची एक रीत होती. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाई ती भरपूर ठेवायची. लेकीला शिकवताना सांगायची, "चिमे, माणूस आज बारीक असतं, उद्या भरतं. तेव्हा उसवायला कापड हवं. कापलेलं कापड परत उगवत नाही." चिमीचा टाका वाकडा गेला तर चालायचं. माया कापली की टपली बसायची.

मग बाईला जेवण जाईना. तपासण्या झाल्या. आणि डॉक्टर, तुम्ही बाईला म्हणालात, "तुम्ही जरा बाहेर बसा." आत बापलेकीला सांगितलंत की कॅन्सर पोटभर पसरलाय, तो बरा करणारं औषध आता नाही, त्रास कमी करणारं आहे. आणि उठता उठता म्हणालात, "त्यांना सांगू नका, धीर सोडतील." मास्तरांनी दुकानाचं दार लावून हे आपल्या बहिणीला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. बहीण म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तेच खरं, दादा. वहिनी धसक्यानेच जाईल. तोंडाला कुलूप लावा."

लावलं. बाईला सांगितलं, आतड्याला सूज आहे.

बाईची मोठी बहीण समुद्राकाठी राहते. बाईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ती म्हणाली, "अहो, ताईकडे जाऊन येऊ का? नुसते पाय बुडवीन आणि येईन." तेव्हा ती पिशवी घेऊन बाजारात चालत जायची, मित्रांनो! मास्तर म्हणाले, "सूज उतरू दे. बरी झालीस की जाऊ." दुकान टाकून एकदम समुद्रावर नेलं तर तिला संशय येईल, ही भीती. बाई थांबली. बरी होण्याची वाट बघत बसली.

ती वाळायला लागली. झगे ढिले पडले. ते तिच्या ध्यानात येऊ नये म्हणून, औषध घेऊन ती दुपारी झोपली की चिमी एकेक झगा आतून आवळायची. पण बाईला सवय होती, धुतलेला झगा आधी मला घालून हाताने सारखा करायची. आवळलेला झगा माझ्या अंगात शिरेना. मग बापलेकीने काय केलं, सांगू? माझी कूस उसवली आणि पोटातला कापूस काढला! हा वेडेपणा शिंप्याच्याच घरात सुचावा. बाई झिजली की झगा आवळायचा, झगा आवळला की मला झिजवायचं. मास्तर मूठभर कापूस काढायचे आणि त्यालाच डोळे पुसायचे. मला राग आला नाही. 

एका दुपारी बाई लवकर उठली. निळ्या झग्याचा हुक सैल झाला होता, म्हणून तिने तो माझ्या अंगावरून काढून उलटा केला. शिवणीवर तिची बोटं थांबली.

"चिमे, इकडे ये. हा झगा कुणी आवळला?"

"आवळला? छे गं! तसाच आहे तो."

"तुझा टाका मी ओळखत नाही होय? आवळलास, त्याचं काही नाही. वाळलेय ते मला दिसतं. सवतही माझ्याबरोबर वाळायला लागली, तेव्हाच म्हटलं, यांचं काहीतरी चाललंय. चालू दे, पोरीला बरं वाटतंय. पण माया का कापलीस?"

चिमी झग्याची घडी घालायला लागली.

"दुखण्यातून उठलेलं माणूस भरतं. तेव्हा उसवायला कापड लागतं. ते तू कापून टाकलंस. म्हणजे मी भरणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

"हाताला जाड लागलं असतं, आई... तुला कळलं असतं, म्हणून..."  तिने आईच्या मांडीत डोकं खुपसलं.

मास्तर कात्री घेऊन तसेच धावत आले. बाई म्हणाली, "या. आता बेतून सांगू नका, अख्खं सांगा."

त्यांनी सांगितलं. बाईने विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरच्यांना... तुझ्या ताईला... समोरच्या चहावाल्याला."

"चहावाल्यालासुद्धा! म्हणजे गल्लीभर माझं मरण फिरून आलं आणि मी एकटी इथे बरी होत बसले होते!" ती हसली. मग हसणं थांबलं. "अहो, मग समुद्र का नाही दाखवलात? तेव्हा चालत होते की मी."

मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. एव्हाना बाईला दुकानाची पायरीही उतरवत नव्हती.

मग ताई आली. बरोबर दोन मोठे कॅन, झाकणं घट्ट बांधलेले. बेतायच्या टेबलाशी घमेलं ठेवून तिने ते ओतले. "घे बाई, समुद्रच उचलून आणला. मासे वाटेत उतरले."

बाईने सुजलेले पाय त्यात बुडवले. पायाची बोटं हलवून पाहिली. मग म्हणाली, "एवढाच? मला वाटलं, मोठा असेल." आणि दोघी बहिणी गळ्यात पडून हसल्या की रडल्या, ते मला पाठीमागून दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने माझ्या पोटात कापूस परत भरायला लावला. "सवतीला नीट भर गं. या घरात एक तरी बाई धडधाकट राहू दे." उरलेल्या दिवसांत तिने काही लपवलं नाही, तिच्यापासूनही कुणी लपवलं नाही. घरीच गेली, मास्तरांचा हात धरून.

आता मी पुढच्या काचेत उभी असते. अंगात तोच निळा झगा. तो मला येईना. कापलेलं कापड उगवत नाही. चिमीने दोन्ही कुशींना पांढऱ्या पट्ट्या जोडल्या. लोक विचारतात, ही कसली तऱ्हा? ती सांगत नाही.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर उशी सारखी करा, पाणी द्या, जवळ बसा. पण दाराआड कुजबुजू नका. किती ऐकायचंय, ते त्यालाच विचारा. आणि तो समुद्र म्हणाला तर 'बरा झालास की' म्हणू नका. पाय चालताहेत तोवर न्या.

आणि मोठे डॉक्टर, मास्तरांची बहीण घाबरली, मास्तर घाबरले, मी समजू शकते. तुम्ही रोज हेच पाहता. तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर ती बसली होती. पोट तिचं, दुखणं तिचं, कान शाबूत. तिला आत का नाही बोलावलंत? मी तीन पायांवर उभी आहे, कुठे जाणार नाही. उत्तर द्या.