देठ

विड्याच्या पानाचा तो देठ, टोकाला एरंडेल लावलेला, चकचकीत... शकुननं दोन बोटांत धरला आणि तिला वाटलं, किती हलका आहे हा. पडद्याआड तिची तीन वर्षांची नात आचल उभी होती, पायाला पाय आवळून, तोंड लालबुंद करून. शी न झाल्याचा आज पाचवा दिवस. एकदा शी करताना दुखलं तेव्हापासून पोर धरूनच ठेवते, डॉक्टर म्हणाले होते. औषध द्या, जेवणानंतर बसवा, जबरदस्ती करू नका.

सकाळी कामावर निघताना सून करिश्मा दारातून म्हणाली होती, "आई, देठ-बिठ काई करू नका, सांगून ठेवते."

"मले तं त्या देठाची आठवण आली तरी पोट साफ होते," शकुनचा मुलगा योगेश बूट घालता घालता हसला. शकुनही हसली होती.

अंजनगावच्या पानमळ्यातल्या सगळ्या लेकरांना शी झाली नाही की हाच उपाय, देठ मागून आत सरकवायचा... तिच्या थोरल्या लेकीला, योगेशच्या आधीच्या शालूलाही. देठानं झालं नाही म्हणून एरंडेल पाजलं, नाक दाबून. पोट दगडासारखं लागत होतं, तरी सांज पडता पडता पुन्हा पाजलं — पानं खुडायची राहिली होती, पोर रडायची थांबत नव्हती... हिरवी उलटी झाली तेव्हा अमरावतीची शेवटची बस निघून गेली होती. आतड्याला पीळ पडलाय, दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर म्हणाले; पण तोवर... नशीब, लोक म्हणाले. शकुनला मात्र चाळीस वर्षं तो नाक दाबणारा हात दिसत आला — सासूचा, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला.

"आजी, ते नको."

"नाई लावत, माय. ये, बस."

तिनं आचलला भांड्यावर बसवलं, पायांखाली पाट सरकवला. पोटावरून हात फिरवला. मऊ आहे? की... बोटांना काही ठरवता येईना.

"दुखते, आजी."

"दुखते काय? बरं. मी हावो इथंच."

आचलनं तिचं बोट मुठीत घट्ट धरलं. शालूनंही धरलं होतं, असंच, माझ्या डाव्या हाताचं. शकुननं मान खाली घातली. सासू तर माझ्या लग्नाआधीच विधवा झालेली... तिच्या हातात बांगड्या नव्हत्याच कधी.

भांड्यात काही पडलं नव्हतं. आचल वर बघत होती. उजव्या हातात देठ तसाच होता, आणि तो कुठं ठेवावा हे शकुनला कळत नव्हतं.